फॉरमॅट मारण्याआधी थांबा

मे संपता संपता वळवाचा पाऊस सुरू झाला की घाटावर काय नि घाटाखाली काय, संगणक दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेली यंत्रं येऊ लागतात. वीज कडाडते, लाइट जाते, परत येताना व्होल्टेज वाढून येतं, आणि अर्थिंग धड नसलेल्या घरातला, शाळेतला, झेरॉक्सच्या दुकानातला संगणक पुन्हा उठत नाही. कुणाचा एसएमपीएस जळालेला असतो, कुणाचा मदरबोर्ड. दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस दुसरं यंत्र घ्यायचं ठरवतो, बहुधा सेकंडहँड. मग दुकानातून प्रश्न येतो, ‘फॉरमॅट मारून नवीन सिस्टिम टाकून देऊ का?’ आणि आपण मान डोलावतो.

तुमच्या जुन्या संगणकात लिनक्स असेल, तर कृपा करून तिथे थांबा. जळाला तो मदरबोर्ड. हार्डडिस्क बऱ्याचदा शाबूत असते, आणि तिच्यावर नुसत्या फायली नसतात. मराठी टायपिंगची बसवलेली सोय, फॉन्ट, प्रिंटर, ब्राउझरमधल्या खुणा, हिशेबाच्या शीट, गरजेप्रमाणे एकेक करून टाकलेली सॉफ्टवेअरं, अशी तुमच्या हाताला बसलेली सगळी मांडणी तिच्यावर असते. ती जशीच्या तशी दुसऱ्या यंत्रावर नेता येते. कंपनी वेगळी असली, प्रोसेसर इंटेलऐवजी एएमडीचा असला, तरी नेता येते. फॉरमॅट मारला की मात्र ती गेली. मागे राहतात त्या फार तर कुणीतरी घाईत पेनड्राइव्हवर काढून ठेवलेल्या चार फायली.

दुकानदाराला यात दोष देऊ नका. त्याचा सगळा अनुभव विंडोजचा असतो. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. हल्लीची विंडोज दुसऱ्या यंत्रात बऱ्याचदा चालू होते, पण परवान्याची अडचण उभी राहते. जुन्या विंडोजमध्ये तर ड्रायव्हर न जुळल्याने थेट निळा पडदा यायचा. त्यातूनच यंत्र बदललं की फॉरमॅट मारायचा, ही रीत पडली. लिनक्सला असा परवाना नाही, आणि तिचं ड्रायव्हरचं गणितही वेगळं आहे. तिच्या कर्नलबरोबर, म्हणजे गाभ्याबरोबर, हजारो यंत्रभागांचे ड्रायव्हर आधीच डिस्कवर येऊन बसलेले असतात. दर वेळी संगणक चालू होताना कर्नल समोर कोणकोणते भाग आहेत ते नव्याने तपासतो आणि त्यांना लागणारे तेवढेच ड्रायव्हर उचलतो. काल इंटेलचं नेटवर्क कार्ड होतं आणि आज रिअलटेकचं आहे, म्हणून त्याचं काही अडत नाही. 1991 साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने या कर्नलचं काम सुरू केलं तेव्हा ते त्याच्या घरच्या 386 यंत्रापुरतंच होतं, आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रांवर ते चालेल अशी त्याची स्वतःचीही अपेक्षा नव्हती. आज जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांवर आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनवर तोच कर्नल चालतो.

आपल्याकडे लिनक्स वापरतं तरी कोण, असं कुणाच्या मनात येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबंटू ही लिनक्स स्वीकारलेली आहे. आपल्या खटल्याची पुढची तारीख मोबाइलवर दिसते ती ज्या केस इन्फर्मेशन सिस्टिममुळे, ती एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली. (न्यायालयातली किंवा कुठल्याही सरकारी कचेरीतली यंत्रं उघडणं हे तिथल्या जबाबदार माणसांचं काम आहे. मी पुढे सांगतो ते आपल्या मालकीच्या यंत्रांबद्दल.) लिनक्सकडे वळण्याचं दुसरं कारण आणखी ताजं आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अगदी चांगली चालणारी यंत्रं एका दिवसात जुनी ठरली. त्यांतल्या काहींवर कुणा भाच्याने, कुणा सरांनी मिंट किंवा उबंटू टाकून दिली. लिनक्स वापरणाऱ्या या सगळ्यांवर आज ना उद्या यंत्र बदलायची वेळ येणार आहे. तेव्हा फॉरमॅट हा शेवटचा उपाय असू द्या.

आधी नक्की काय मेलं ते ठरवा. यंत्र चालूच होत नाही, पंखाही फिरत नाही, तर बहुधा वीजपुरवठ्याचा भाग गेला, आणि तेवढाच बदलला तर काही हलवायची गरजच उरत नाही. पण डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल, फाइल उघडायला मिनिटं लागत असतील, तर आजारी डिस्कच आहे. अशी डिस्क दुसऱ्या यंत्रात घालून त्यावरून काम सुरू करू नका. ती जितका वेळ फिरेल तितकी खराब होत जाईल. आधी दुसऱ्या चांगल्या डिस्कवर तिची पूर्ण नक्कल काढून घ्या; डीडी-रेस्क्यू नावाचं साधन नेमकं याच कामासाठी आहे. चांगला भाग ते आधी उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं.

डिस्क धडधाकट असेल तर ती नव्या यंत्रात शिरते का ते पाहा. साटाची 2.5 इंची डिस्क किंवा एसएसडी लॅपटॉपमध्येही बसते आणि डेस्कटॉपमध्येही. 3.5 इंची मोठी डिस्क लॅपटॉपमध्ये बसत नाही, आणि तिला 12 व्होल्टची वेगळी वीज लागते, म्हणून साध्या यूएसबी केबलवर ती फिरतही नाही. ॲडॅप्टर असलेला डॉक लागतो. एम डॉट टू या पट्टीसारख्या एसएसडीच्या बाबतीत बऱ्याच लोकांची फसगत होते. आकार तोच असला तरी त्यांत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत, आणि एका जातीची पट्टी दुसऱ्या जातीच्या खोबणीत चालेलच असं नाही. घेण्याआधी दुकानातच विचारा. स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपमध्ये तर साठवण मदरबोर्डवरच डाक लावून चिकटवलेली असते, ती काढताच येत नाही. असा लॅपटॉप तुमच्याकडे असेल, तर त्याची नक्कल तो चालू असतानाच काढून ठेवावी लागेल. बोर्ड गेल्यावर फार थोडे मार्ग उरतात.

आता जरा खोलात जायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच अडतात आणि ‘लिनक्स दुसऱ्या मशीनवर चालत नाही’ असं म्हणून मोकळे होतात. डिस्क बसवली, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं की चालू करण्याजोगी डिस्कच सापडत नाही. डिस्क ठीक असते, सिस्टिमही ठीक असते. फक्त नव्या मदरबोर्डाला तिचा पत्ता माहीत नसतो.

संगणक चालू होण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी बायोसची. तिच्यात डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा कार्यक्रम लिहिलेला असतो. यंत्र तो वाचतं आणि पुढे जातं. नवी यूईएफआयची. तिच्यात डिस्कवर फॅट32 जातीचा एक छोटा विभाग असतो, त्यात सुरुवातीची फाइल असते, आणि ती फाइल कुठे आहे याची नोंद मदरबोर्डवरच्या चिपमध्ये ठेवलेली असते. डिस्क तुमच्याबरोबर आली, नोंद जुन्या मदरबोर्डात राहिली. बिऱ्हाड हलवल्यावर नव्या गावच्या पोस्टमनला आपलं घर ठाऊक नसावं, तसं हे आहे. यावर सोय अशी की प्रत्येक यूईएफआय यंत्र नोंद नसली तरी एका ठरलेल्या जागी डोकावून बघतं. त्या छोट्या विभागात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात ‘बूट’ नावाचं. उबंटू साधारणपणे तिथेही एक प्रत ठेवते, म्हणून तिची डिस्क बऱ्याचदा विनातक्रार उठते. डेबियन ही दुसरी लिनक्स मात्र स्वतःहून ठेवत नाही. डेबियन वापरत असाल तर यंत्र चांगलं चालत असतानाच ग्रब हा सिस्टिम सुरू करून देणारा कार्यक्रम पुन्हा बसवून घ्या आणि बसवताना ‘रिमूव्हेबल’चा पर्याय निवडा, मग प्रत त्या ठरलेल्या जागी जाते.

खरी पंचाईत होते ती जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली डिस्क केवळ यूईएफआय जाणणाऱ्या नव्या यंत्रात घातली की. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी पद्धत उरलेलीच नाही. आधी सेटअपमध्ये शिरून ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ असा पर्याय दिसतो का ते बघा. दिसला तर तो चालू करा, काम झालं. नाही दिसला, तर डिस्कवर तो फॅट32 चा छोटा विभाग नव्याने करावा लागतो आणि ग्रब यूईएफआय पद्धतीने बसवावा लागतो. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (ज्यावरून लिनक्स न बसवताच चालते) बूट रिपेअर नावाचं साधन असतं. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेच चालू केलेला असेल आणि तो छोटा विभाग तयार असेल, तर पुढचं बरंचसं काम ते साधन करतं. पण जागा काढण्यासाठी विभाग आक्रसून घेणं हे जोखमीचं काम आहे. आधी सगळ्याची प्रत दुसरीकडे असल्याशिवाय त्याला हात लावू नका. अशा वेळी सवय नसलेल्या माणसाला मी सरळ सांगतो: नव्या डिस्कवर लिनक्स नव्याने बसवा आणि जुन्या डिस्कवरून होम फोल्डर आणा. त्यात कमीपणा काही नाही.

सेटअपमध्ये आहातच तर आणखी दोन जागा पाहून घ्या. साठवणीचा प्रकार ‘रेड’, ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ वर असेल तर लिनक्सला काही यंत्रांत डिस्कच दिसत नाही. तो ‘एएचसीआय’ वर आणायचा किंवा व्हीएमडी बंद करायचं. मात्र त्याच यंत्रात दुसऱ्या डिस्कवर विंडोज असेल तर हा बदल केल्यावर ती रुसू शकते, म्हणून आधी विचार करा. दुसरी जागा सिक्युअर बूटची. एनव्हीडियाचा किंवा ब्रॉडकॉमचा बाहेरून बसवलेला ड्रायव्हर असेल, तर त्यासाठी मंजूर केलेली किल्लीही जुन्या मदरबोर्डात राहिलेली असते. नव्या यंत्रात ती पुन्हा मंजूर करावी लागते. तोवर सिक्युअर बूट बंद ठेवून काम चालवता येतं.

फेडोरा वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. चालू होताना सगळ्यात आधी लागणाऱ्या ड्रायव्हरांची एक लहान गठडी कर्नलबरोबर असते. डेबियन आणि उबंटू त्या गठडीत बहुतेक सगळ्या जातींच्या डिस्कचे ड्रायव्हर भरून ठेवतात. फेडोरा फक्त त्याच यंत्रापुरते भरते. म्हणून फेडोराची डिस्क साटाच्या यंत्रातून काढून एनव्हीएमईच्या यंत्रावर नक्कल केली, तर ती अर्ध्यात थांबते. सुरुवातीच्या यादीत ‘रेस्क्यू’ असा शब्द असलेली ओळ असते, ती निवडा. तिच्या गठडीत सगळं असतं. एकदा आत शिरलात की ड्रॅकट या साधनाने नवी गठडी बांधून घ्या. पुढच्या वेळेपासून नेहमीच्याच ओळीने यंत्र उठेल.

यंत्र उठलं, पण पडदा काळा. हे घडतं ते बहुधा एनव्हीडियाच्या ड्रायव्हरमुळे. जुन्या यंत्रात तो होता, नव्यात ते कार्डच नाही. सुरुवातीची यादी दिसण्यासाठी बायोसच्या यंत्रात शिफ्ट आणि यूईएफआयच्या यंत्रात एस्केप दाबावं लागतं. हव्या त्या ओळीवर उभं राहून इंग्रजी ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, आधी एक जागा सोडून, ‘नोमोडसेट’ हा शब्द सलग इंग्रजीत लिहा आणि एफ 10 दाबा. साध्या चित्रावर यंत्र उठेल. मग तो जुना ड्रायव्हर काढून टाका. कधीकाळी कुणी हाताने लिहून ठेवलेली ‘झॉर्ग’ची फाइल असेल तर तीही बाजूला करा. आवाज, टचपॅड, कॅमेरा यांची चिंता बहुधा करावी लागत नाही.

नेटचं मात्र सांगायला हवं. डेस्कटॉपवर नेटवर्क मॅनेजर असेल तर तो नवं कार्ड आपोआप धरतो. पण कार्यालयातल्या एखाद्या यंत्रावर ठरावीक आयपी हाताने लिहिलेला असेल, तर तो जुन्या कार्डाच्या नावावर असतो, आणि नव्या यंत्रात ते नाव बदललेलं असतं. नवं नाव बघून तिथे लिहा. वायफाय चालत नसेल तर घाबरू नका. मोबाइल यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला लगेच ओळखते. तेवढ्या नेटवर वायफायचं फर्मवेअर उतरवून घेता येतं. गावात ब्रॉडबँड नसला तरी हे जमतं.

इथवर जे सांगितलं ते यंत्र बंद पडल्यावरचं. माझा जास्त आग्रह आहे तो त्याआधीच्या कामाचा, कारण यंत्र चालू असताना जे दहा मिनिटांत होतं ते बंद पडल्यावर दोन दिवस खातं. एखाद्या रविवारी बसा. सिस्टिम अद्ययावत करा. उबंटूची एलटीएस आवृत्ती असेल तर एचडब्ल्यूई नावाचा नवा कर्नल टाकून घ्या, कारण जुन्या कर्नलला नव्या यंत्राचे भाग ओळखता येत नाहीत, आणि उलट अडचण सहसा येत नाही. इंटेल आणि एएमडी या दोघांचेही मायक्रोकोड बसवून ठेवा. नको असलेला आपला गप्प पडून राहतो. यंत्र बदलायचं ठरलंच असेल तर एनव्हीडियाचा ड्रायव्हर आधीच काढा. एफएसटॅब ही फाइल उघडून बघा: डिस्कच्या विभागांपुढे यूयूआयडी, म्हणजे विभागाचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहिलेला असेल तर उत्तम, आणि ‘एसडीए 1’ अशा धाटणीचं नाव असेल तर ते बदलून यूयूआयडी लिहा, कारण एनव्हीएमईच्या डिस्कवर ती नावं पार वेगळी होतात.

आणि पासवर्ड लिहून ठेवा. ही साधी गोष्ट आहे, पण घरोघरी हेच होतं. यंत्र चालू केलं की थेट आत जातं अशी सोय करून दिलेली असते, त्यामुळे दोन वर्षांत कुणालाच पासवर्ड आठवत नाही, आणि नव्या यंत्रावर ड्रायव्हर काढायची वेळ आली की तोच विचारला जातो. पूर्ण डिस्कला कुलूप लावलेलं असेल तर त्या कुलपाचा पासवर्ड वहीत असायलाच हवा. टीपीएमच्या भरवशावर आपोआप उघडणारं कुलूप दुसऱ्या यंत्रात आपोआप उघडत नाही. हलवायच्या दिवशी संगणक पुरता बंद करा, झोपवून ठेवलेला नको.

डिस्क काढायची नसेल, किंवा जुन्या फिरत्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर जायचं असेल, तर क्लोनझिला या साधनाने नक्कल काढा. पेनड्राइव्हवरून चालतं, फुकट आहे. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते, आणि पेटीवरचा आकडा सारखा असला तरी दोन कंपन्यांच्या डिस्क थोड्या लहानमोठ्या निघतात, म्हणून जरा मोठीच घ्या. कुठून कुठे नक्कल करायची, ते दोनदा वाचूनच एंटर दाबा. उलटी दिशा दिली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं संपतं. डिस्कची कंपनी आणि आकार आधी कागदावर लिहून समोर ठेवला तर हा घोटाळा होत नाही. नक्कल झाल्यावर जुनी डिस्क काढून मगच यंत्र चालू करा. दोन्हींचा यूयूआयडी एकच असतो; दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर सिस्टिम कोणती उचलेल याचा भरवसा नाही, आणि बीटीआरएफएस जातीच्या डिस्कवर माहिती खराब होण्यापर्यंत मजल जाते.

जुनं यंत्रही चालूच राहणार असेल, म्हणजे शाळेच्या खोलीत एकाची नक्कल करून पाच यंत्रं उभी केली असतील, तर प्रत्येकाचं नाव बदला, मशीन-आयडी नवा करा, आणि एसएसएच वापरत असाल तर त्याच्या किल्ल्याही. नाहीतर काही राउटर दोन यंत्रांना एकच समजून एकच आयपी देतात, आणि मग ‘नेट कधी येतं, कधी जातं’ याचं कारण शोधण्यात आठवडा जातो.

काही वेळा हलवूच नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. जुनी सिस्टिम 32 बिटची असेल तर ती 64 बिटच्या यंत्रावर चालेल, पण पुढे रस्ता नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने जुन्या 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. उबंटूने ते कधीच थांबवलं होतं. उलट दिशेने, 64 बिटची सिस्टिम फक्त 32 बिट जाणणाऱ्या यंत्रावर चालतच नाही. पीसीवरची डिस्क रास्पबेरी पायला जोडून त्यावरून चालवायचा विचार असेल तर तोही सोडा. तो प्रोसेसर दुसऱ्याच जातीचा. आवृत्तीचा आधार संपला असेल, जसा उबंटू 20.04 चा नेहमीचा आधार 2025 च्या मे महिन्यात संपला, तर हलवण्याच्या निमित्ताने नवी बसवणंच शहाणपणाचं.

नवी बसवायची तर होम फोल्डर नीट आणा. त्यातल्या बऱ्याच फायली बिंदूने सुरू होणाऱ्या नावांच्या असतात आणि दिसत नाहीत. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. ब्राउझरच्या खुणा आणि बहुतेक सॉफ्टवेअरांची मांडणी त्यांतच असते. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेले अर्ज, पत्रिका, प्रश्नपत्रिका तुमच्याकडे असतील, तर फॉन्टच्या फायली त्याच लपलेल्या फोल्डरांत असू शकतात, आणि त्या मागे राहिल्या की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसू लागतो. प्रत पेनड्राइव्हवर काढताना तो फॅट32 चा असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि फायलींच्या परवानग्याही टिकत नाहीत. सगळ्याची एकच टार फाइल केली तर परवानग्या आत सुरक्षित राहतात, आणि ती मोठी होणार असेल तर पेनड्राइव्ह ईएक्सटी4 किंवा एक्सफॅट करून घ्या. बसवलेल्या सॉफ्टवेअरांची यादीही एका फाइलमध्ये काढून घ्या. नव्या यंत्रावर ती देऊन सगळी एकदम मागवता येतात.

दुकानात जाताना एक चिठ्ठी लिहून न्या: ‘यात लिनक्स आहे. फॉरमॅट मारू नये. डिस्क फक्त नव्या यंत्रात बसवून द्यावी.’ तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं. आणि दुकानदार भाऊंनाही माझी विनंती आहे. गिऱ्हाईक ‘फॉरमॅट मारा’ म्हणालं तरी एकदा मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून डिस्कवर काय आहे ते त्याला दाखवा. तेवढ्याने कुणाचं दहा वर्षांचं काम वाचतं.

शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकीत, खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात, तालुक्यातालुक्यांतल्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना तर मी हक्काने सांगतो. तुम्हाला हे सगळं येतं, किंवा एका दुपारी येईल. तुमच्या गावच्या शाळेत, वाचनालयात बंद पडलेली यंत्रं कोपऱ्यात पडून असतात. तीन मेलेल्यांतून एक चालू यंत्र उभं राहतं, आणि त्यावर एका चांगल्या लिनक्सची नक्कल उतरवली की मुलांच्या हाती कीबोर्ड येतो. केरळने आपल्या सरकारी शाळांमधून हे राज्यभर करून दाखवलं आहे, त्यांची स्वतःची लिनक्स आहे. आपल्याकडेही साधनांची वाण नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात करून ठेवले आहेत, कुणीही ते फुकट बघू शकतं. भारतीय भाषांचा विचार करून सीडॅकने केलेली बॉस ही डेबियनवर आधारलेली लिनक्सही आहे. कमी आहे ती एखाद्या शनिवारी गावात येऊन तासभर बसणाऱ्या माणसाची. मुख्याध्यापकांनी आणि ग्रंथपालांनी आपण होऊन या मुलांना बोलवावं.

राहता राहिली जुनी डिस्क. नक्कल करून नवं यंत्र चालू झालं तरी ती निदान महिनाभर पुसू नका. काय राहिलं हे कामाला लागल्यावरच कळतं, जुन्या पत्राची फाइल पंधरा दिवसांनी आठवते. नंतर ती शाळेला द्यायची असेल किंवा विकायची असेल, तर मात्र पूर्ण पुसून द्या. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं, आणि सेवा केंद्रावरच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या डिस्कवर गावातल्या कितीतरी लोकांचे आधार, सातबारे, दाखले पडलेले असतात. फिरत्या डिस्कवर लाइव्ह पेनड्राइव्हवरून एकदा पूर्ण शून्यं लिहिली तरी पुरतं. एसएसडीसाठी तिच्याच आत असलेला ‘सिक्युअर इरेज’चा आदेश वापरा. आणि डिस्क इतकी बिघडलेली असेल की पुसताही येत नाही, तर भंगारवाल्याला देण्याआधी तिच्या तबकड्यांत ड्रिलने आरपार दोन भोकं पाडून घ्या.